घरातून आलेल्या एकतीस वस्तू

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज एका संग्रहालयाची गोष्ट सांगायची आहे. चार खोल्यांचं होतं, बावीस वर्षं चाललं, आणि आता शोधायला गेलात तर त्याचा दरवाजादेखील सापडायचा नाही. गोष्टीत राजा नाही, साधू नाही. कवी आहे, पण तो बिचारा सुरुवातीलाच देवाघरी गेलेला. मागे उरली त्याची बहीण आणि त्याची बायको. म्हणजे गोष्ट कुठे पेटणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

"...आणि नंतर दादाचं लग्न झालं," संग्रहालय दाखवताना धाकटी म्हणायची, आणि त्याच श्वासात, "सांभाळून हं, उंबरठा उंच आहे."

पाहुणे खाली बघून पाय उचलायचे आणि तेवढ्यात वहिनीचं अख्खं आयुष्य मागच्या खोलीत राहून जायचं. पुढच्या खोलीत पाऊल पडलं की धाकटी खिडकीतली दौत दाखवायला लागायची. बावीस वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

ती कवीची धाकटी बहीण. शाळेत चित्रकला शिकवायची. घरात सगळे धाकटी म्हणायचे, मग गल्लीही म्हणायला लागली आणि केस पांढरे झाले तरी नाव तेच राहिलं. दादाच्या कविता म्हणजे घरातल्याच गोष्टी. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांची औषधं जोखायची तागडी एका कवितेत. आईचं शिवणयंत्र दुसरीत. जन्मभर बुद्धिबळात हरणारे काका तिसरीत. म्हणून दादा गेल्यावर वाचनालयाच्या समितीने ठरवलं, संग्रहालय करायचं तर एकट्या कवीचं कशाला, सगळ्या कुटुंबाचंच करू. घर भाड्याचं होतं. समितीने ते आपल्याकडे घेतलं, धाकटीला मागची खोली राहायला दिली आणि सांगितलं, बाई, आता तुम्हीच सांभाळा.

तिने सांभाळलं, आणि कसं सांभाळलं! तागडीची पारडी नव्या नाण्यासारखी लखलखायची. शिवणयंत्राला दर पंधरवड्याला तेल. प्रत्येक वस्तूपुढे तिच्या हातची चिठ्ठी, आणि अक्षर असं की लोक वस्तू सोडून चिठ्ठीच बघत उभे राहायचे. 'काकांचा पट. यावर ते एकदाच जिंकले, तेही समोरच्याला ताप होता म्हणून.' लोक खुदकन हसायचे. खुद्द धाकटीच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या होत्या. कवीच्या बायकोची एकही नव्हती.

"ताई, आज पाच जणांनी वहिनींचं विचारलं," शिपाई सांगायचा. तो अंगाने इतका बारीक होता की सगळे त्याला टाचणी म्हणत.

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, उंबरठा उंच आहे."

धाकटीने असे डोळे वटारले की टाचणी झाडू उचलून अंगणात पळाला. अंगण सकाळीच झाडून झालं होतं.

आता म्हणाल, हा मत्सर आला कुठून? माणसाच्या सहा वैऱ्यांत याला शेवटचं आसन देतात, पण बाबांनो, पहिले पाच निदान दार वाजवून येतात. हा घरातलाच असतो. आपल्याच ताटात जेवतो आणि आपल्याच उशीवर डोकं टेकतो.

लहानपणापासून दादा कविता लिहून झाली की कागद घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर यायचा. धाकटी भांडी विसळत असायची. तो वाचायचा, ती ऐकायची. एखादी ओळ लंगडी पडली की ती तोंडाने अवाक्षर काढायची नाही, नुसता भांड्यांचा आवाज वाढायचा. दादाला तेवढं पुरायचं. तो उठून जायचा, ओळ दुरुस्त करायचा आणि परत यायचा. भांडी गप्प झाली की कविता झाली! अशी सोळा वर्षं गेली. मग घरात नर्सबाई आल्या, दादाची बायको होऊन.

लग्नाला आठवडा झाला असेल. दादा कागद घेऊन पायरीवर येऊन उभा राहिला.

"धाकटे, ऐकतेस?"

तिच्या हातात पातेलं होतं. तिने मान वर केली नाही. "आता ऐकायला माणूस आणलंयस ना घरात? तिलाच दाखव."

तिला वाटलं, तो हसेल, वेडी कुठली म्हणेल आणि बसेल. आजवर तिच्या प्रत्येक रुसव्यावर त्याने हेच केलं होतं. पण दादाने कागदाची घडी घातली, "बरं," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी तिने ते पातेलं तीनदा घासलं.

तो पुन्हा पायरीवर आला नाही. तिनेही बोलावलं नाही. रोज सकाळी ती शाळेत निघायची तयारी करत असताना भिंतीपलीकडून त्याचा वाचण्याचा आवाज यायचा. वहिनी रात्रपाळी करून त्याच सुमाराला परतायच्या. शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल कळायची. इथे थांबला, इथे अडखळला, ही ओळ पुन्हा घेतली. वेणी घालता घालता धाकटीची बोटं थांबायची. ऐकणारीचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे यायचं, हनुवटीला हात लावून, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. महिनाभर सोसलं आणि मग तिने कपड्यांचं कपाट ओढून त्या भिंतीला लावलं. आवाज कमी व्हायचा तर उलट दुसऱ्या दिवसापासून वाढला. मुद्दाम, धाकटी म्हणाली. मला ऐकवायला. दादाचं पुस्तक छापून आलं की घरात दहा प्रती पडलेल्या असायच्या, पण ही बाई वाचनालयात नंबर लावून, परक्यासारखी, तिथली प्रत घरी आणायची. एका घरात राहून अठरा वर्षं असं चाललं.

मग दादा थोडक्या आजारात गेला. वहिनीला इस्पितळाच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. संग्रहालयाचं ठरल्यावर एका दुपारी ती हातगाडीबरोबर चालत आली. गाडी उतरवली, परत गेली आणि दुसरी खेप घेऊन आली. दौत, टाक, चष्मा, कोट, दाढीचा आरसा, पत्रं, कवितांच्या वह्या, दादा ज्यावर बसून लिहायचा तो लाकडी बाक. एकूण एकतीस वस्तू.

"इथेच शोभतील, धाकटे," ती म्हणाली. "तू नीट ठेवशील."

संग्रहालयाची एक नोंदवही होती. वस्तू काय, केव्हा आली, कोणाकडून आली. त्या रात्रभर धुमसून धाकटीने दुसऱ्या दिवशी शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'घरातून'. खोटं नव्हतं. वस्तू या घरातल्याच होत्या, मधले काही महिने बाहेर जाऊन आल्या, एवढंच. पहिल्यांदा लिहिताना तिचा हात जरासा अडखळला. एकतिसाव्यांदा अक्षर अगदी मोत्यासारखं आलं.

वहिनी वर्षातून एकदा यायची, दादा गेल्याच्या दिवशी. चारचौघांसारखी चारही खोल्या फिरायची. निघताना अभिप्रायाच्या वहीत लिहायची, 'स्वच्छता उत्तम.' पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

"टोमणा आहे हा," धाकटी म्हणायची.

"अहो ताई, नर्सबाई आहेत त्या," टाचणी म्हणायचा. "त्यांच्या तोंडून याच्याहून मोठं कौतुक देवालासुद्धा मिळायचं नाही."

बावीस वर्षांनी घरमालक गेले. मुलांना घर पाडून नवं बांधायचं होतं. समितीपाशी दुसरी जागा नव्हती. नवे चिटणीस मोठे नियमाचे माणूस. त्यांनी ठराव केला, वस्तू नोंदवहीप्रमाणे ज्याच्या त्याला परत कराव्यात, आणि 'घरातून' आलेल्या वस्तू घरातल्या, म्हणजे संग्रहालय सांभाळणाऱ्या भगिनींच्या स्वाधीन कराव्यात.

धाकटी ठराव ऐकून रडली. घरासाठी रडली हे खरंच, पण देवापासून काय लपतं? सगळं माझं! दौत माझी, चष्मा माझा, बाक माझा. दोन गल्ल्या सोडून तिने खोली बघितली होती. तिथल्या भिंतीवर तिने पेन्सिलीने आखून ठेवलं, आरसा इथे, कोट तिथे, खिडकीखाली बाक. आखताना ती चक्क गुणगुणत होती.

वाटपाच्या दिवशी सकाळपासून माणसं आली. काकांच्या मित्राचा मुलगा पट घेऊन गेला. दवाखान्याने तागडी नेली. मावशीच्या मुलीने शिवणयंत्र उचललं आणि दारातच विचारलं, "चालू आहे ना गं हे?" एकेक वस्तू गेली की भिंतीवर तिच्या आकाराचा उजळ डाग उरायचा. धाकटी प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या हाती द्यायची. लोक ती खिशात कोंबायचे.

दुपारी वहिनी आली. तिला कोणी पत्र धाडलं नव्हतं, धाडणार तरी कसं, नोंदवहीत तिचं नावच नव्हतं. टाचणी जाऊन सांगून आला होता. ती दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. धाकटीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आता 'घरातून'," चिटणीस म्हणाले. "एकतीस नग. ताई, या, सही करा. फक्त एक आहे. नुसतं 'घरातून' चालायचं नाही. देणाऱ्याचं नाव लागेल. आपलंच घालू ना?"

टाचणीला खोकला आला. नको इतका मोठा आला. चिटणिसांनी वळून पाहिलं, तर दाराशी म्हातारी बाई.

"आजी, आपण कोण? यात आपलं काही आहे का?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "मी बघायला आले."

धाकटीने पेन उचललं. ती लिहिणारच होती. तिने टोक कागदावर टेकवलंसुद्धा.

"घाल ना तुझं नाव, धाकटे," वहिनी म्हणाली. "माझ्या दोन खोल्या. मी ठेवू तरी कुठे? तुझ्याकडेच बरं."

आणि तिथेच बांध फुटला.

"पुन्हा तूच!" चाळीस वर्षं ती वहिनीला तुम्ही म्हणत आली होती. "पुन्हा तूच देणार! हातगाड्या भरभरून दिलंस, आता हेही दे! मला कधी कुणाला काही द्यायला ठेवलंस का गं? माझ्यापाशी होतं काय? एक पायरी होती. तीही गेली. रोज सकाळी तू ऐकायचीस आणि मी पलीकडे भिंतीला कपाट लावून बसायचे!"

चिटणिसांनी नोंदवहीत तोंड खुपसलं.

"कपाट लावलं होतंस?" वहिनी म्हणाली. "आम्हाला वाटलं, भिंतीला ओल आली, म्हणून पलीकडचे आवाज बसके झाले."

"ओल!"

"अगं, मी रात्रभर वॉर्डात उभी असायचे. घरी यायचे तर हे कागद घेऊन तयार. मी म्हणायचे, वाचा. एक ओळ ऐकायचे, फार तर दोन. तिसरीला माझा डोळा लागायचा."

"रोज?"

"रोज. खोटं कशाला सांगू, एकही कविता मी पुरती ऐकलेली नाही. वाचनालयातून पुस्तक आणायचे तेही मागणी दिसली की ते आणखी प्रती घेतात म्हणून, वाचायला डोळे कुठे उघडे राहायचे? उठायचे तेव्हा अंगावर चादर घातलेली असायची आणि हे कामावर गेलेले."

"पण तो तर वाचतच असायचा. मला आवाज यायचा, कितीतरी वेळ."

"तेच तर. मी म्हणायचे, अहो, मला मेलीला काय कळतंय, धाकटीला दाखवा. तर हे म्हणायचे, ती ऐकते." वहिनीने पिशवीचे बंद सारखे केले. "हे तुझ्या भिंतीकडे तोंड करून बसायचे. पुढे पुढे तर मोठ्याने वाचायला लागले. मला वाटलं, माझी झोप उडवायला."

धाकटी उभी होती ती खाली बसली. अठरा वर्षं तो वाचून झाल्यावर थांबत असेल. पलीकडून भांडं वाजतं का, बघत असेल. आणि पलीकडे कपाट.

मग तिने पेन पुन्हा हातात घेतलं. पहिल्या 'घरातून'वर रेघ मारली.

"ताई, खाडाखोड नको," चिटणीस पुटपुटले. "दिसेल ती."

"दिसू दे," धाकटी म्हणाली.

तिने पुढे वहिनीचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. आधी तिचं, मध्ये दादाचं, शेवटी घराचं आडनाव. टाचणी एकेक वस्तू मोठ्याने वाचत होता, दौत एक, टाक दोन, चष्मा एक, आणि ती लिहीत होती. घाईने नाही, चिठ्ठ्या लिहायची तशी, वेलांट्या सांभाळून. एकतीस वेळा. चिटणिसांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग निमूट खुर्ची ओढून बसले.

लिहून झालं तेव्हा सगळ्या वस्तू वहिनीच्या झाल्या, आणि वहिनीने काय करावं? तिने कोट उचलला, झटकला आणि टाचणीच्या खांद्यावर टाकला.

"अहो, कवींचा कोट!" चिटणीस उठलेच.

"कोट आहे तो. याच्या अंगात मांस नाही, थंडी वाजते याला."

चष्मा इस्पितळातल्या जुन्या चष्म्यांच्या पेटीत गेला, कोणाच्या तरी डोळ्यांना लागेल म्हणून. वह्या आणि पत्रं वाचनालयात. दौत एका मास्तरांनी मागितली, त्यांना दिली. आरसा तिने धाकटीच्या हातात ठेवला. बावीस वर्षं धूळ बसू दिली नव्हती ते सगळं एका दुपारी जगात पांगलं. प्रत्येक वस्तू निघाली की धाकटीच्या काळजात कळ यायची. पण सुतळी तीच बांधत होती, आणि गाठी पक्क्या मारत होती.

शेवटी बाक तेवढा उरला.

"हा मला लागेल," वहिनी म्हणाली. "दारात बसायला."

टाचणी धावला, पण दोघींनी त्याला हात लावू दिला नाही. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. एक उंच, एक ठेंगणी, त्यामुळे बाक सारखा एकीच्या अंगावर यायचा. गल्लीच्या तोंडाशी दोघींना धाप लागली. त्यांनी बाक रस्त्याच्या कडेला ठेवला आणि त्याच्यावरच बसल्या. माणसं वळसा घालून जाऊ लागली.

"पहिल्या ओळी आठवतात तुला?" धाकटीने विचारलं.

"त्या सगळ्या आठवतात. तेवढंच तर ऐकलंय." वहिनीने जरा विचार केला. "'एका पारड्यात औषध, दुसऱ्या पारड्यात...'"

"'...वडिलांचा रोखलेला श्वास,'" धाकटी म्हणाली, आणि मग पुढची सगळी कविता म्हणाली. पुस्तकं तिला पाठ होती. वहिनी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली.

"अस्सं होतं होय ते!"

मग दुसरी झाली, तिसरी झाली. वहिनीने सुरुवात द्यायची, धाकटीने तडीस न्यायची. एक भाजीवाली उभी राहून ऐकायला लागली आणि गिऱ्हाईक आलं तशी गेली.

"आणि ती एक," वहिनी म्हणाली. "'बाजारातून येताना तुझ्यासाठी काही आणलं नाही...'"

धाकटीने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. एकेक पुस्तक तिने मनात चाळलं. पहिलं, दुसरं, शेवटचं. वह्याही चाळल्या. ही ओळ कुठेच नव्हती.

"पुढे काय?"

"पुढे मला झोप लागली गं."

समोरून एक सायकल गेली, मग आणखी एक.

"कोणासाठी आणलं नाही म्हणायचं असेल?" वहिनीने हळूच विचारलं. "तुला काय वाटतं?"

धाकटीला वाटत होतं ते तिच्या ओठांवर आलं होतं. सोळा वर्षं दादा बाजारातून येताना तिच्यासाठी काही ना काही आणायचा, कधी रंगाची वडी, कधी नुसता चांगला कागद. तिने आरसा पदरात सारखा केला.

"तुझ्यासाठीच असणार," ती म्हणाली. "चल, ऊठ. तुझं टोक धर."

बाक गेला. घर त्या वर्षीच पाडलं. त्या जागी आता तीन मजले आहेत आणि खाली कुलपांचं दुकान. कवीची काळजी नको, त्याला पुस्तकं सांभाळतात. वहिनीला तिच्या हातून बरे झालेले रोगी विसरायचे नाहीत. राहता राहिली धाकटी. तिची चिठ्ठी दुसऱ्या कोणी लिहिली नाही. तुम्ही इतका वेळ जवळ बसून ऐकलंत, तर जाताना एवढं करा, तिची आठवण ठेवा.